क्विकलोड: काडतुसाच्या आतला हिशेब आणि त्यातून निसटणारे विखुरण

क्विकलोड हे काडतुसातला दाब आणि वेग यांचा अंदाज देणारे सॉफ्टवेअर विकत घ्यावे का, असे रायफलची काडतुसे स्वतः भरणारा कोणी विचारतो, तेव्हा त्याला त्यातून नेमके काय हवे आहे हे मी आधी विचारतो. नळीतला दाब मोजण्याचे साधन जवळ नाही आणि ती उणीव या सॉफ्टवेअरने भरून निघेल अशी त्याची अपेक्षा असेल, तर उत्तर नकारार्थी द्यावे लागते. एकाच पद्धतीने भरलेल्या काडतुसांचे वेग एकमेकांपासून का ढळतात याचा माग काढायचा असेल, तर मात्र याच्याइतके उपयोगी साधन फार थोडे आहे. गंमत अशी की या दुसऱ्या कामासाठी ते बनवलेलेच नाही.

हार्टमुट ब्रोमेल या जर्मन तज्ज्ञाने तयार केलेले हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते. काडतुसाचा प्रकार, गोळी आणि पावडर (काडतुसातली दारू) या तीन याद्यांतून निवड करायची, काडतुसाची एकूण लांबी, नळीची लांबी आणि पावडरचे वजन भरायचे, की ते कमाल दाब, नळीच्या तोंडाशी असलेला वेग, गोळीला नळीतून बाहेर पडायला लागलेला वेळ, जळलेल्या पावडरचे शेकडा प्रमाण आणि तोंडाशी उरलेला दाब असे आकडे देते. सोबत दाब आणि वेग यांचा आलेख येतो, आणि पावडरचे वजन थोडे थोडे वाढवत नेल्यास काय होईल याचा तक्ताही येतो. खिडकीची मांडणी जुन्या वळणाची आहे. लहान लहान चौकटींची इतकी दाटी आहे की पहिल्यांदा बसणाऱ्याला कोणती चौकट बदलायची आणि कोणती तशीच ठेवायची हे कळत नाही. एकदा हात बसला की या दाटीचा त्रास उरत नाही, कारण हिशेबाला लागणारे सगळे एकाच नजरेत असते.

आत चालणारा हिशेब समजून घेतल्याखेरीज या आकड्यांवर किती विसंबावे हे ठरवता येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पावडरचा दाणा पृष्ठभागावरून आत थराथराने जळत जातो आणि भोवतालचा दाब जितका जास्त, तितका तो वेगाने जळतो. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८९३ साली हा संबंध दाबाच्या घाताच्या रूपात मांडला. निर्माण झालेल्या वायूचा दाब किती होईल हे नोबल आणि एबल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणावरून काढतात. वायूच्या रेणूंनी स्वतः व्यापलेली जागा त्यात एकूण आकारमानातून वजा केलेली असते, कारण हजारो बारच्या दाबाला आदर्श वायूचा साधा नियम पुरत नाही. वायूची ऊर्जा गोळीला ढकलण्यात, नळी तापवण्यात, घर्षणात आणि खुद्द वायू व न जळलेली पावडर पुढे लोटण्यात वाटली जाते. पावडरमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक तृतीयांश गोळीच्या वाट्याला येते. गोळी पुढे सरकली की मागची जागा वाढते आणि दाब उतरू पाहतो. पावडर जळत राहते आणि दाब चढवू पाहते. ही ओढाताण सगळी मिळून साधारण एक ते दीड मिलिसेकंदात संपते, आणि दाबाचे शिखर तर गोळी नळीत काही सेंटिमीटरच गेलेली असताना येऊन जाते.

या प्रकारच्या मॉडेलमध्ये चेंबरपासून (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या पोकळीपासून) गोळीच्या बुडापर्यंतचा सगळा वायू एकच पिंड मानलेला असतो. प्रत्यक्षात चेंबरच्या मागच्या टोकाशी दाब अधिक आणि गोळीच्या बुडाशी कमी असतो. हा फरक लाग्रांजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहीतकाने भरून काढतात: पावडरचे वजन गोळीच्या वजनाच्या पाव असेल, तर मागच्या टोकाचा दाब बुडाशी असलेल्या दाबापेक्षा साधारण साडेबारा टक्क्यांनी जास्त निघतो. अमेरिकी सैन्याच्या क्षेपणशास्त्र प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात तयार झालेली आयबीएचव्हीजी-२ ही संगणकप्रणालीही याच कुळातली आहे. त्यामुळे क्विकलोडला खेळणे म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. मात्र या कुळाची एक जन्मजात मर्यादा आहे. सगळी पावडर एकाच क्षणी आणि सर्वत्र सारखी पेटली असे त्यात मानलेले असते. प्रायमरची, म्हणजे काडतुसाच्या तळाशी असलेल्या आणि पावडर पेटवणाऱ्या टोपीची, ज्योत पावडरच्या ढिगातून कशी पसरते, दाण्यांची रास पुढे सरकते का, मागे एक आणि पुढे दुसरा असा दाब काही क्षण नांदतो का, हे प्रश्न या हिशेबात उपस्थितच होत नाहीत. त्यासाठी वायू आणि घन दाणे यांचा प्रवाह वेगवेगळा मोजणारी मॉडेले लागतात आणि ती तोफांच्या अभ्यासकांच्या उपयोगाची आहेत. घरच्या टेबलावर ती चालवण्यात काही हशील नाही.

सॉफ्टवेअरच्या यादीत बहुतेक गोष्टी तयार मिळत असल्या तरी केसची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाची, क्षमता ही एक गोष्ट स्वतः मोजावी, आणि ती मोजेपर्यंत बाकी आकड्यांकडे पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याच रायफलमधून झाडलेली, अजून साइझिंग डायमधून (केस पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) न काढलेली केस घ्यायची. वापरलेला प्रायमर तसाच राहू द्यायचा, म्हणजे तळातून पाणी गळत नाही. रिकाम्या केसचे वजन करून ती पाण्याने काठोकाठ भरायची. येथे पाण्याचा पृष्ठभाग काठाच्या वर फुगलेला किंवा आत खोल गेलेला चालत नाही, तो काठाशी सपाट हवा. आणि मानेच्या (गोळी धरून ठेवणाऱ्या अरुंद टोकाच्या) आत चिकटलेला हवेचा बुडबुडा बोटाने केसला टिचकी मारून काढून टाकावा लागतो. पुन्हा वजन करून येणारा फरक म्हणजे ग्रेन या वजनाच्या लहान एककातली क्षमता. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी हा आकडा ५६ ग्रेनच्या आसपास येतो, पण जाड भिंतीच्या लष्करी केसमध्ये तो दोन-तीन ग्रेनने कमी भरतो. एवढ्या फरकाने कमाल दाबाचा अंदाज लक्षात येण्याइतका वर सरकतो. यादीतला तयार आकडा तसाच ठेवून नंतर सॉफ्टवेअर चुकते म्हणून ओरड करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा याच चौकटीपाशी येऊन संपते.

दुसरी नाजूक चौकट आहे ती गोळी हलायला लागण्याच्या, म्हणजे सुरुवातीच्या, दाबाची. साध्या, तांब्याचे आवरण असलेल्या गोळीसाठी येथे २५० बार, म्हणजे ३,६२६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) इतका आकडा आधीच भरलेला असतो. अखंड तांब्याच्या गोळीसाठी तो वाढवायचा असतो आणि गोळी रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकवून बसवलेली असेल तर आणखी वाढवायचा असतो. खरे पाहता या एका आकड्यात केसच्या मानेची पकड, गोळीच्या आवरणाचा कठीणपणा, रायफलिंगमध्ये ती कोरली जाताना होणारा विरोध आणि प्रायमरचा जोर असे सगळे कोंबलेले आहे. या आकड्याचा उगम कोणत्याही एका भौतिक राशीत सापडत नाही. तो एक सोयीचा खुंटा आहे, आणि सॉफ्टवेअरच्या कर्त्याने तो तसाच वापरला आहे.

सर्वाधिक गैरसमज पावडरच्या ज्वलनदरांकाविषयी आहे. बीए या नावाने दिसणारा हा अंक प्रत्येक पावडरसाठी यादीत दिलेला असतो, पण पावडरचा एक लॉट (एका वेळी बनवलेला साठा) दुसऱ्यासारखा तंतोतंत कधीच नसतो. म्हणून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) आलेला वेग आणि सॉफ्टवेअरने सांगितलेला वेग यांत फरक पडला की लोक हा अंक वरखाली करून दोन्ही जुळवून घेतात. पद्धत म्हणून यात वावगे काही नाही. त्या लॉटपुरती सॉफ्टवेअरची जुळणी करून घेणे आवश्यकच आहे. वेग जुळला म्हणजे दाबही जुळला, हे त्यातून काढलेले अनुमान मात्र टिकत नाही. एकाच वेगापर्यंत अनेक वाटांनी पोचता येते. ज्वलनदरांक थोडा वाढवा, किंवा सुरुवातीचा दाब वाढवा, किंवा वायूसोबत किती पावडर पुढे जाते हे ठरवणारा भारांक बदला. वेगाचा आकडा तिन्ही वाटांनी तोच आणता येतो, पण कमाल दाब प्रत्येक वाटेवर वेगळा निघतो. वेग ही संपूर्ण दाबवक्राच्या खालच्या क्षेत्रफळाची फलश्रुती आहे, तर कमाल दाब हा त्या वक्रावरचा एक बिंदू आहे. क्षेत्रफळ कळले म्हणून शिखराची उंची कळत नाही.

यातून अंशतः सुटायचे असेल तर एका वजनावर जुळणी न करता पावडरच्या तीन-चार वजनांवर आणि शक्य झाल्यास दोन वेगवेगळ्या वजनांच्या गोळ्यांवर वेग मोजावेत आणि एकच ज्वलनदरांक त्या सगळ्यांना लागू पडतो का ते पाहावे. लागू पडला तर मॉडेलवरचा विश्वास वाढवायला हरकत नाही. एका टोकाला जुळला आणि दुसऱ्या टोकाला सुटला, तर काहीतरी वेगळेच चुकले आहे असे समजावे, आणि ते बहुधा केसची क्षमता किंवा सुरुवातीचा दाब यांपैकी एक असते. ज्यांच्याकडे चेंबरवर चिकटवलेला ताणमापक आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना वक्राचा आकारच दिसतो.

आता विखुरणाकडे वळतो, कारण हे परीक्षण मुख्यतः त्यासाठीच लिहिले आहे. क्विकलोड एका भरणीसाठी एकच वेग सांगते. शंभर काडतुसे तशीच भरली तर त्यांचे वेग किती पसरतील याविषयी ते काहीही बोलत नाही. अनेक जण ही उणीव मानून पुढे जातात. माझ्या मते खरा उपयोग येथेच सुरू होतो, कारण सॉफ्टवेअरचा स्वतंत्र आकडा जितका बेभरवशाचा असतो तितका त्याचा उतार नसतो. पावडर एका ग्रेनने वाढली तर वेग किती वाढतो, केसची क्षमता एका ग्रेनने बदलली तर किती घटतो, गोळी थोडी जड निघाली तर काय होते, हे उतार ज्वलनदरांक थोडा इकडेतिकडे असला तरी फारसे बदलत नाहीत. आणि विखुरणाच्या हिशेबाला फक्त उतार लागतात.

समजा, .३०८ च्या एका भरणीत सरासरी वेग २,६५० फूट प्रति सेकंद आहे आणि क्रोनोग्राफवर प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) १० फूट दिसते. पावडरच्या वजनाचा उतार ग्रेनमागे सुमारे ४५ फूट धरू. तराजू आणि हात मिळून वजनात ०.०५ ग्रेनचे प्रमाण विचलन येत असेल, तर त्यापोटी वेगात सव्वादोन फुटांचे विचलन येईल. स्वतंत्र कारणांची विचलने थेट बेरजेत जात नाहीत, त्यांचे वर्ग बेरजेत जातात. एकूण वर्ग १००, त्यात पावडरच्या वजनाचा वाटा जेमतेम ५. म्हणजे जगातला सर्वांत अचूक तराजू आणला आणि वजनातला फरक शून्यावर नेला, तरी विचलन १० वरून पावणेदहावर येईल. पावडरचा एकेक दाणा चिमट्याने उचलून टाकणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

पुढचा वाटा केसच्या क्षमतेचा. तिचा उतार ग्रेनमागे १२ फूट आणि केस-केसमधले विचलन ०.३ ग्रेन धरले तर वेगात साडेतीन फुटांहून थोडे अधिक येते, वर्ग १३. गोळीच्या वजनातला दशांश ग्रेनचा फरक अर्ध्या फुटाच्या आसपास भरतो आणि तो सोडून द्यायला हरकत नाही. रडार क्रोनोग्राफची चूक ०.१ टक्का आणि ती सगळी यादृच्छिक मानली, तरी तिचा वर्ग ७. सगळे मिळून जेमतेम २५ च्या आसपास भरतात. उरलेले ७५ कुठून येतात? मॉडेलने ज्या गोष्टी एका खुंट्यावर टांगून ठेवल्या किंवा गृहीतच धरल्या, तिथून: प्रायमरच्या ज्योतीतला फरक, मानेची पकड, झाडण्याच्या क्षणी पावडर केसमध्ये पुढे होती की मागे, नळीचे तापमान, नळीत साचलेला मळ. हे निदान सॉफ्टवेअर स्वतः कधीच सांगत नाही, पण त्याने दिलेल्या उतारांतून वजाबाकी केली की ते समोर येते. वरचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत आणि प्रत्येकाने ते आपल्या काडतुसासाठी काढायचे आहेत. मात्र रायफलच्या नेहमीच्या काडतुसांत चित्र याच धर्तीचे येते.

मग प्रयत्न कुठे करावे हेही ठरते. केसच्या मानेला ठरावीक झाडण्यांनंतर अॅनिलिंग करून (तापवून मऊ करून) तिची पकड सारखी राखणे, प्रायमर सारख्या खोलीवर बसवणे आणि केस बऱ्यापैकी भरेल अशी पावडर निवडणे या तीन गोष्टी तराजू बदलण्याच्या आधी याव्यात. तिसऱ्या गोष्टीत क्विकलोडची थेट मदत होते, कारण केस किती टक्के भरली आहे आणि पावडर नळीतच पूर्ण जळते की नाही हे ते ठळकपणे दाखवते. अर्धवट भरलेल्या केसमध्ये पावडर इकडून तिकडे सरकायला मोकळी असते आणि नळी वर करून झाडले की खाली करून, यावरसुद्धा वेग बदलतो. सुरुवातीच्या दाबाची चौकट थोडी वरखाली करून मानेच्या पकडीचा परिणाम ढोबळ मानाने पाहता येतो. त्याला मापन म्हणू नये, पण कोणती पावडर या फेरबदलाला अधिक हळवी आहे याची तुलना त्यातून बरी होते.

या सगळ्याची मातब्बरी कोणाला, हाही प्रश्न आहे. शंभर यार्डांवर वेगातला १० फुटांचा फरक कागदावरच्या छिद्रातच लपतो. हजार यार्डांवर .३०८ च्या नेहमीच्या गोळीसाठी तोच फरक जवळपास चार इंच उभा सरकतो. लांब पल्ल्याचा नेमबाज नसलेल्या माणसाने विखुरणाचा इतका विचार करण्याची गरज नाही, आणि ते कबूल करायला हँडलोडिंगच्या (काडतुसे स्वतः भरण्याच्या) हौशी लोकांना जड जाते.

मोजमापाच्या बाजूची एक मोठी चूक सॉफ्टवेअरच्या माथी मारली जाते, तिचाही उल्लेख करायला हवा. पाच गोळ्या झाडून काढलेले प्रमाण विचलन हे अत्यंत सैल अनुमान असते. पाचांवरून १० आले, तर ९५ टक्के खात्रीने खरे विचलन ६ ते २९ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. दहा गोळ्यांवरून ही मर्यादा ७ ते १८ वर येते, आणि तीसवरून सुमारे ८ ते १३ वर. पाच-पाच गोळ्यांच्या दोन भरण्यांत एकीचे विचलन ६ आणि दुसरीचे १२ आले म्हणून पहिली चांगली ठरवणे हे नाणे उडवून निर्णय घेण्याहून फार वेगळे नाही, कारण संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर हा फरक टिकत नाही. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ गोळी यांतले अंतर तर गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जाते: पाच गोळ्यांत ते सरासरीने विचलनाच्या २.३ पट असते, दहांत ३.१ पट, विसांत ३.७ पट. पाच गोळ्यांचे अंतर एकाने आणि वीस गोळ्यांचे दुसऱ्याने सांगायचे आणि मग तुलना करायची, याला काही अर्थ नाही. सॉफ्टवेअरच्या अंदाजाशी जुळणी करतानाही हेच लागू होते. सरासरी वेगाचीच चूक चार-पाच फुटांची असेल, तर ज्वलनदरांकाचा चौथा दशांश फिरवत बसणे व्यर्थ आहे.

याच सैलपणातून वेगाच्या सपाट पट्ट्यांची कल्पना फोफावली आहे. पावडर टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक टप्प्यावर एक गोळी झाडायची आणि जिथे वेग वाढायचा थांबतो तो टप्पा निवडायचा, अशी ही पद्धत. क्विकलोडचा तक्ता उघडून पाहिला तर पावडर आणि वेग यांचा संबंध जवळजवळ सरळ रेषेत चढत जातो, त्यात पायरी कुठेच नसते. मॉडेलमध्ये नाही म्हणून ती नळीतही नसेलच असे मी म्हणणार नाही. पण विखुरण एकटेच अशा पायऱ्या तयार करू शकते हे हिशेबाने दाखवता येते. टप्पा ०.३ ग्रेनचा, म्हणजे वेगात अपेक्षित वाढ साडेतेरा फूट, आणि विचलन १० फूट. शेजारच्या दोन गोळ्यांच्या वेगातल्या फरकाचे विचलन १४ फूट होते. म्हणजे प्रत्येक सहा जोड्यांपैकी सुमारे एका जोडीत जास्त पावडरची गोळी कमी वेगाने जाईल, आणि वेग जेमतेम वाढलेल्या जोड्या त्याहून अधिक असतील. दहा टप्प्यांच्या एका फेरीत एखादा सपाट पट्टा दिसला नाही तरच आश्चर्य. तोच प्रयोग दुसऱ्या दिवशी केला तर पट्टा दुसरीकडे सरकलेला असतो, आणि मग हवामानाला दोष दिला जातो.

गोळी नळीतून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळेचा आकडाही असाच बऱ्याच जणांच्या गळ्यातला ताईत झाला आहे. नळीच्या पोलादातून ताणाची लहर पुढेमागे धावते आणि ती नळीच्या तोंडापासून दूर असताना गोळी बाहेर पडली तर नेम चांगला साधतो, या सिद्धांतावर तो आधारलेला आहे. सॉफ्टवेअरचा वेळेचा आकडा मॉडेलच्या सुरुवातीच्या क्षणावर अवलंबून असतो, आणि तो क्षण ठरवतो तो वर सांगितलेला खुंटा. त्यात प्रायमर पेटण्याला लागलेला खरा वेळ नाही. मिलिसेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवलेल्या वेळेवर भरणी ठरवणे मला आकड्यावर फाजील विश्वास टाकण्यासारखे वाटते. भरणी शोधताना कुठूनतरी सुरुवात करायची असते, तेवढ्यापुरता तो घ्यावा.

दाबाच्या बाबतीत काही गोष्टी सक्त शब्दांत सांगायला हव्यात. पावडर एक टक्क्याने वाढली तर वेग पाऊण टक्क्याच्या आसपास वाढतो, पण कमाल दाब दोन टक्क्यांहून अधिक वाढतो. वेगाच्या अंदाजातली लहानशी चूक दाबाच्या अंदाजात मोठी होऊन बसते, आणि तीही नेमकी ज्या दिशेने चूक परवडत नाही त्या दिशेने असू शकते. पावडर आणि गोळ्या बनवणाऱ्यांनी दाबमापक नळीत तपासून छापलेल्या भरण्यांची जागा हे सॉफ्टवेअर घेत नाही. छापील कमाल आणि सॉफ्टवेअरची कमाल यांत तफावत असेल, तर जी कमी तीच धरावी आणि सुरुवात छापील किमान वजनापासूनच करावी. अगदी कमी पावडरकडे तर सॉफ्टवेअरचे लक्षच नसते. संथ जळणाऱ्या पावडरच्या फार कमी भरणीत पेटण्याची प्रक्रिया बिघडून दाब अनपेक्षितपणे उसळल्याच्या नोंदी आहेत, आणि सगळी पावडर एकदम पेटली असे मानणाऱ्या हिशेबात अशी भरणी निरुपद्रवी दिसते.

दाबाच्या मर्यादांचे आकडेही जपून वाचावे लागतात. .३०८ विंचेस्टरसाठी सॅमी या काडतुसांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, तर सीआयपी या युरोपातल्या तशाच संस्थेची ४,१५० बार, म्हणजे सुमारे ६०,२०० पीएसआय. काडतूस तेच असले तरी दोन्हीकडे दाब मोजण्याची रीत वेगळी आहे; सीआयपीच्या रीतीत केसला भोक पाडून मापक बसवतात, सॅमीच्या रीतीत केसच्या आकाराशी जुळणाऱ्या मापकाने केसवरूनच मोजतात. जुन्या पुस्तकांत ५२,००० असा आकडा सापडतो, तो तांब्याचा लहान दंडगोल चेपून मोजलेल्या दाबाचा आहे आणि त्याचे पीएसआयमध्ये सरळ रूपांतर होत नाही. सॉफ्टवेअर मर्यादेजवळ गेल्यावर रंगाने इशारा देते हे ठीक, पण तो रंग मॉडेलच्या दाबाला लागतो, तुमच्या चेंबरमधल्या दाबाला नाही.

गॉर्डन्स रीलोडिंग टूल या नावाचे, जर्मनीतच तयार झालेले दुसरे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि क्विकलोडशी तुलना त्याच्याच संदर्भात केली जाते. मोजलेले वेग भरून पावडरचे अंक जुळवण्याची सोय त्यात अधिक सुटसुटीत आहे आणि खिडकीची मांडणीही डोळ्यांना सुखावणारी आहे. क्विकलोडची जमेची बाजू म्हणजे त्याच्या जुन्या, विस्तृत याद्या आणि त्याची सविस्तर पुस्तिका, जी प्रत्येक चौकटीमागचे गृहीतक उघडपणे सांगते. ज्याला हिशेब शिकायचा आहे त्याला मी अजूनही क्विकलोडच सुचवीन; ज्याला फक्त एखाद-दुसऱ्या काडतुसासाठी उतार काढायचे आहेत, त्याचे काम मोफत साधनावर भागते. दोन्ही साधनांत तीच भरणी टाकून दाबाचे अंदाज शेजारी शेजारी ठेवून पाहणे मात्र दोघांनीही करावे. ते अंदाज बऱ्याचदा काही हजार पीएसआयने वेगळे निघतात, आणि त्या अंतराइतकी तरी अनिश्चितता आपल्या भरणीत धरायला हवी.

माझ्या वापरात ज्याचा सर्वाधिक फायदा झाला ती सोय सॉफ्टवेअरच्या कोणत्याही जाहिरातीत ठळक नसेल. पावडरच्या प्रत्येक लॉटसाठी स्वतंत्र फाइल ठेवायची, तिच्यात मोजलेली केसची क्षमता, त्या दिवशीचे तापमान आणि निदान वीस गोळ्यांची सरासरी नोंदवायची, आणि नवा लॉट उघडला की आधीच्या फाइलमधली भरणी छापील किमान वजनापासून पुन्हा चढवत न्यायची. दोन लॉटमधला ज्वलनदरांकाचा फरक अशा नोंदींत स्वच्छ दिसतो, आणि आपला वेग अचानक का वाढला या कोड्याचे उत्तर बहुधा तिथेच मिळते. ज्याच्याकडे अजून क्रोनोग्राफच नाही, त्याने मात्र क्विकलोडसाठी बाजूला ठेवलेली रक्कम आधी क्रोनोग्राफकडे वळवावी, कारण मोजलेल्या वेगाशिवाय यातली एकही चौकट तपासता येत नाही.